लाईव्ह नको, सर

गेल्या 26 नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या आमच्या कार्यक्रमात उद्देशिकेचे सामूहिक वाचन होणार होते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचे, ही नेहमीची पद्धत. वाचनासाठी मी ज्याचे नाव सुचवले होते तो मुलगा आलाच नाही. साडेपाच वाजले, सहा वाजले. फोन बंद. शेवटी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने वाचन केले, भाषणे झाली, चहा झाला आणि मी चिडूनच घरी गेलो. आजची मुले जबाबदारी घेत नाहीत, हे वाक्य त्या रात्री मी निदान दोघांना तरी ऐकवले असेल.

रात्री दोनच्या सुमारास त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आला. मी तो सकाळी पाहिला. लांबलचक होता, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि सगळीकडे माफीच माफी होती. कारण मात्र कुठेच नव्हते. ते वाचताना मला जाणवले की दोन वर्षांत या मुलाचे मी शेकड्याने मजकूर वाचले आहेत, पण त्याचा आवाज कसा आहे हे मला नीट आठवत नाही.

आमच्या युवा गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्वांत नेमके लिहिणारा तोच. पोटगीचा कायदा असो, शिष्यवृत्तीचे अर्ज असोत की एखादी खोटी क्लिप फिरत असो, तो शोधून, तपासून, चार ओळींत मुद्दा मांडायचा. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचो, हा आपला उद्याचा लेखक. बैठकीला तो क्वचित यायचा. आला तर दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. बोलण्याची पाळी त्याच्यापर्यंत आली की मीच म्हणायचो, "राहू द्या, तो लिहून पाठवेल." मी त्याला सांभाळून घेतो आहे असे मला वाटत होते.

हे सगळे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. प्रसिद्ध करण्याआधी मजकूर त्याला दाखवला, त्याने सुचवलेल्या दोन दुरुस्त्या केल्या. त्याचे नाव आणि गाव देत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. अब्बा टेम्पो चालवतात, ते बाहेर होते. अम्मींनी चहा ठेवला आणि मनातले सगळे बाहेर आले. रात्ररात्र मोबाइल. सकाळी उठत नाही. कॉलेजला जातो सांगून निघतो आणि बस स्टँडवर बसून परत येतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत. चुलत बहिणीच्या निकाहलासुद्धा जेवणाच्या वेळी गायब. "मोबाइलने लेकरू बिघडवलं, सर." अब्बांनी मग बारा दिवस मोबाइल कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस, जर्नल जमा करण्याच्या तारखा, परीक्षेचे फॉर्म हे सगळे वर्गाच्या ग्रुपवरच येते. त्या बारा दिवसांत दोन सबमिशन हुकली. पोरगा आणखीनच मिटला. खालाने कुठूनतरी तावीज आणून दिला होता, तो उशीखाली होता. एरवी मी तावीजावर दहा मिनिटांचे व्याख्यान दिले असते. त्या दिवशी गप्प बसलो, कारण या मुलासाठी निदान काहीतरी करून पाहिलेल्यांत ती खाला होती आणि मी नव्हतो.

आम्ही दोघे चालत चौकापर्यंत गेलो. शेजारी शेजारी चालताना एकमेकांकडे पाहावे लागत नाही, त्यामुळे तो बोलला असावा.

"सर, वाचायचं टेन्शन नव्हतं. उद्देशिका मला पाठ आहे. पण तुम्ही लाईव्ह करणार होता."

आमचा प्रत्येक कार्यक्रम फेसबुकवर लाईव्ह जातो. सभागृहात तीस माणसे असतात. लाईव्ह पाहणारे कधी पंधरा, कधी चाळीस. त्यात कुणाला भीती वाटावी असे काही आहे हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते. मग त्याने पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला प्रत्येकाने उभे राहून ओळख करून द्यायची होती. हा म्हणाला, माझी शाला उर्दू माध्यमाची. घरात दखनी बोलणाऱ्या आपल्या किती मुलांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, हे वाचकांना सांगायला नको. मागच्या बाकावर कुणीतरी शूटिंग करत होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या उघड्या तोंडाचा फोटो आणि खाली ‘शाला’ असे लिहिलेले स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर फिरू लागले. कुणी उशिरा आला, शाला. कुणी नापास झाला, शाला. ते करणाऱ्यांच्या मनात फार काही नसेल. महिनाभराने ते विसरूनही गेले. हा विसरला नाही.

"उद्देशिकेत गणराज्य आहे, सर. माझ्या तोंडून गनराज्य येतं. ते नेटवर कायमचं राहिलं असतं."

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, शिक्षक आहे. पण त्यानंतर डॉक्टर मित्रांशी बोललो, काही वाचले. त्याला जे होते आहे त्याला नाव आहे. चारचौघांत आपल्याकडे पाहिले जाईल, आपले काहीतरी चुकेल आणि लोक आपल्याला हसतील, या भीतीने ज्याचे रोजचे जगणे अडते, त्याची ती अवस्था म्हणजे सामाजिक चिंता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘सोशल फोबिया’ या नावाने तिला 1980 मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. बहुतेकांमध्ये ती किशोरवयातच सुरू होते. लाजाळूपणा वेगळा. लाजाळू मुलगा पहिली पाच मिनिटे अवघडतो आणि मग रुळतो. या त्रासात रुळणे येतच नाही. छाती धडधडते, हात थरथरतात, घसा कोरडा पडतो आणि सगळ्यांना हे दिसते आहे या कल्पनेने ते आणखी वाढते. घरी आल्यावर झालेल्या प्रसंगाची उजळणी रात्रभर चालते, आणि ती उजळणी नेहमी स्वतःच्याच विरोधात असते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये या अवस्थेची जी मांडणी केली ती मला फार उपयोगी वाटली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अशा माणसाचे लक्ष समोरच्या माणसांकडे राहतच नाही, ते आत वळते. तो स्वतःला बाहेरून पाहू लागतो, जणू कोपऱ्यात एक कॅमेरा लावला आहे आणि त्यात आपण किती वाईट दिसतो आहोत हे त्याला सतत दिसते आहे. समोरचा माणूस खरे तर हसून मान डोलावत असतो, पण ते पाहायला हा मोकळाच नसतो.

ही मांडणी झाली तेव्हा कॅमेरा कल्पनेतला होता. आज वर्गातल्या साठ मुलांच्या खिशात साठ खरे कॅमेरे आहेत. स्नेहसंमेलन, सेमिनार, भांडण, पाय घसरून पडणे, सगळ्याचे रील होते. भित्र्या मुलाची भीती अवास्तव आहे, असे म्हणण्याची सोय आपण ठेवलेली नाही. आणि माझ्यापुरते बोलायचे तर सभागृहात मोबाइल स्टँडवर लावणारा मीच होतो.

मग असा मुलगा मोबाइलकडेच का धावतो? तोच तर त्याला दुखावतो. उत्तर सोपे आहे, पण आई-बापांना पटवणे कठीण. प्रत्यक्ष बोलताना वाक्य पुसता येत नाही, टाइप करताना येते. चेहरा दाखवावा लागत नाही. उच्चार ऐकू जात नाही. उत्तर द्यायला दोन तास लावले तरी चालते. ऑनलाइन बोलणे अधिक सुरक्षित आणि अधिक जमणारे वाटणे, ही गोष्ट स्कॉट कॅप्लन या अमेरिकन संशोधकाने 2003 मध्ये इंटरनेटच्या घातक वापराच्या मुळाशी ठेवली. कँटीनमध्ये एकटा बसलेला मुलगा मोबाइलमध्ये डोके घालतो, म्हणजे तो एकटा दिसत नाही, कामात दिसतो. फोन कानाला लावून खोटेच बोलत वर्गमित्रांच्या घोळक्याजवळून निघून जाण्याची युक्ती मला या मुलानेच सांगितली. प्रत्येक वेळी सुटका होते, क्षणभर बरे वाटते. आणि प्रत्येक सुटकेगणिक पुढच्या वेळची भीती थोडी मोठी होते, कारण सामोरे गेलो असतो तर काय झाले असते हे कळण्याची संधीच गेलेली असते. रात्रीचे जागरण, सकाळचे न उठणे, बुडालेले तास हे त्याच्या मागोमाग येते. म्हणजे चिंता नेटकडे ढकलते आणि नेट चिंतेला खतपाणी घालते. आधी काय आले, यावर संशोधकही एका वाक्यात उत्तर देत नाहीत.

त्यामुळे "दिवसाला किती तास?" हा आपला आवडता प्रश्न मला अपुरा वाटू लागला आहे. ‘इंटरनेटचे व्यसन’ हा शब्दसुद्धा थोडा जपून वापरावा. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने या नावाच्या आजाराची लक्षणे चक्क थट्टा म्हणून लिहिली होती, तर लोक खरोखर मदत मागू लागले. पुढे किंबर्ली यंग यांनी 20 प्रश्नांची चाचणी तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या सूचीत ऑनलाइन आणि इतर व्हिडिओ गेमच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान आहे, सरसकट इंटरनेटच्या व्यसनाला नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नव्हे. बेंगळुरूच्या निम्हान्सने 2014 पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी वेगळे उपचार केंद्रच चालवले आहे. अर्थ इतकाच, की सहा तास ऑनलाइन असलेल्या दोन मुलांत एक परीक्षेची तयारी करत असेल आणि दुसरा माणसांपासून लपत असेल. कपाटाला कुलूप लावताना आपण हा फरक करत नाही.

आता थोडे आपल्या घरातले.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या 2020-21च्या सर्वेक्षणानुसार देशातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मुस्लिमांचे प्रमाण 4.6 टक्के होते. 2011च्या जनगणनेत लोकसंख्येतले प्रमाण 14.2 टक्के आहे. हा विषय अनेकदा लिहून झाला आहे, पण आज त्याकडे वेगळ्या बाजूने पाहू. साठ जणांच्या वर्गात सरासरीने दोन किंवा तीन मुले. त्यांतली बरीचशी घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली. हजेरीत नाव पुकारले की माना वळतात, किंवा वळल्यासारख्या वाटतात. कुठे काही घडले की दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्याला काहीतरी विचारले जाईल याची धास्ती. अशा मुलाला स्वतःची चूक एकट्याची वाटत नाही, ती सगळ्या मोहल्ल्याच्या खात्यावर जमा होईल असे वाटते. कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला ही चिंता होते. खेड्यातून पुण्याला आलेल्या मराठी मुलाला इंग्रजीची असते, आदिवासी वसतिगृहातल्या मुलीला आणखी कशाची. आपल्या मुलांवर हे जास्तीचे ओझे आहे, एवढेच म्हणतो.

आणि मुली. मुलगा माणसांत मिसळत नाही म्हणून घरचे काळजी करतात. मुलगी मिसळत नाही तर ‘शरीफ आहे’ म्हणून कौतुक होते. तिचा त्रास सद्गुणाच्या नावाखाली दडपला जातो. ती रात्री बनावट नावाच्या अकाउंटवरून जगाशी बोलते, कारण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने बोलण्याची जागा तिला कुणी दिलेलीच नसते. ते उघड झाले तर मोबाइल जातो आणि मोबाइलबरोबर बऱ्याचदा कॉलेजही जाते. म्हणून आमच्या गटातल्या मुली घरात काही सांगत नाहीत. त्यांना हे सांगा, मोकळेपणाने बोला, असा उपदेश करण्याआधी त्यांच्या या हिशेबाकडे पाहिले पाहिजे. तो हिशेब चुकीचा नाही.

उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती या त्रासावर उत्तम लागू पडते, गरज असेल तर डॉक्टर औषधेही देतात. भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे हा तिचा गाभा. महाराष्ट्रात ज्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती अनेक कार्यकर्त्यांना ओळखीची आहे, ते अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे ठरवले. ते सांगत, की 130 पैकी 30 जणी उठून गेल्या, 100 जणी बोलल्या, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आलीच नाही. आकाश मात्र कोसळले नाही. (हा प्रयोग आज कुणी तसाच करू नये. बागेत निवांत बसण्याचा मुलींचाही हक्क आहे.) आमच्या मुलाची पहिली पायरी होती किराणा दुकानात जाऊन साखरेचा भाव विचारणे आणि काही न घेता परत येणे. त्याला ते जमायला चार दिवस लागले.

ही पायरी त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाने आखून दिली. तिथे पोचण्याआधी त्याने 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन केला होता. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. ज्याला माणसांसमोर तोंड उघडता येत नाही त्याला अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे सोपे असेल असे मला वाटले होते. तेही सोपे नव्हते. दोनदा त्याने फोन लावून ठेवून दिला. तिसऱ्यांदा अम्मी शेजारी बसल्या.

कॉलेजात हे व्हायला हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे निर्देश दिले आहेत. विशाखापट्टणमला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातला हा निकाल आहे. या मुलाच्या कॉलेजात चौकशी केली. समुपदेशन कक्ष आहे. दारावर पाटी आहे, आत परीक्षा विभागाच्या जुन्या उत्तरपत्रिका आहेत. समुपदेशक म्हणून ज्यांचे नाव कागदावर आहे ते शिक्षक भले आहेत, पण तोंडी परीक्षेला तेच समोर बसणार असतील तर त्यांच्याजवळ कोण मन मोकळे करील? वाचकांपैकी जे पालक आहेत, संस्थांच्या कमिटीवर आहेत, त्यांनी आपापल्या कॉलेजात ते दार एकदा उघडून पाहावे.

राहिला प्रश्न आमच्या चळवळीचा. आम्ही गेल्या काही वर्षांत तरुण किती जोडले गेले हे ग्रुपच्या सदस्यसंख्येवरून मोजत आलो. दोनशे छप्पन्नची मर्यादा होती तेव्हा ग्रुप भरल्याचा आम्हाला आनंद झाला होता. बैठकीला अकरा जण. लिहिणारे लिहितात, आम्ही अंगठे दाखवतो आणि प्रबोधन चालले आहे असे समजतो. एखाद्या मुलाला बोलण्यापासून सूट देणे ही दया आहे असे मी मानत होतो. त्या सुटीनेच त्याचा दोन वर्षांचा आजार मला दिसू दिला नाही. आणि ज्या दिवशी सूट काढून घेतली, त्या दिवशी मधली एकही पायरी न ठेवता थेट कॅमेऱ्यासमोर उभे केले.

जानेवारीपासून युवा गटाच्या बैठका आम्ही लाईव्ह करणे बंद केले आहे. दोन कार्यकर्त्यांनी विरोध केला, त्यांचे म्हणणे होते की पोहोच कमी होईल. होईलच. बैठक आठ-दहा जणांची ठेवतो. मोबाइल जमा करून घेत नाही, फक्त शूटिंग करायचे नाही आणि फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे, कागद बघून बोलले तरी चालेल, नुसते नाव सांगितले तरी चालेल. उच्चार कुणी दुरुस्त करायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यासारख्या मास्तरला पाळायला सर्वांत अवघड जातो.

तो चार रविवार आला. पहिल्यांदा नाव आणि वर्ष सांगून बसला. दुसऱ्यांदा आलाच नाही, पाऊण तासाने आला आणि बाहेरच उभा राहिला. गेल्या रविवारी त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उद्देशिका वाचायला सुरुवात केली. गणराज्याला तो थांबला, पाणी प्यायला, गनराज्य म्हणाला आणि पुढे गेला. स्वातंत्र्यापर्यंत आल्यावर त्याला पुढे जमले नाही. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि म्हणाला, बाकीचे पुढच्या वेळी.

पुढची बैठक रविवारी सकाळी साडेदहाला, नेहमीच्या ठिकाणी.